शिरोरेषा दिलेला पी

बाहेरच्या माणसाला वाटतं, नर्सचं काम सुईचं. सुई टोचायला कितीसा वेळ लागतो? माझी निम्मी नोकरी लोकांच्या दारापुढं उभं राहण्यात गेली. कडी वाजवायची, आतून ‘कोन हाय?’ आलं की ‘सिस्टर’ म्हणायचं आणि आतली कुजबूज थांबायची वाट बघायची. कुजबूज झाली म्हणजे घरात लेकरू आहे. लेकरू नसलं तर कोणी कुजबुजत नाही, सरळ ‘न्हाई’ म्हणून मोकळे होतात.

माझे वडील मोंढ्यात हमाल होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए. झाले, मग नर्सिंगचा कोर्स केला, आणि छातीवरच्या नावाच्या पट्टीवर साळवेच्या पुढं बी.ए. लिहून घेतलं. सोबतच्या हसायच्या, “साळवे, इंजेक्शनला बी.ए. लागतं का गं?” नसेल लागत. वडिलांना वाचता येत नव्हतं, पण त्या दोन अक्षरांवर बोट ठेवून ते आल्यागेल्याला दाखवायचे. निवृत्त होईपर्यंत मी ती पट्टी बदलली नाही.

गाव आमचं बीड जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव लिहीत नाही. या गोष्टीतली माणसं अजून तिथंच कुठंतरी राहतात, आणि काही जण अजून खुर्चीवर आहेत.

आधी आमची पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. घरोघरी डोस द्यायची मोहीम असली की आम्ही दाराशेजारी खडूनं खूण करतो. घरातल्या सगळ्या लहान मुलांना डोस मिळाला तर इंग्रजी पी, खाली तारीख आणि पथकाचा नंबर. एखादं मूल राहिलं, घर बंद असलं, कोणी नको म्हटलं, तर फुली. फुलीच्या घरी पुन्हा जायचं. पीच्या घरी कोणी जात नाही. पोलिओला हेच, आणि आमच्याकडं गोवर निघाला तेव्हाच्या मोहिमेलाही खूण तीच ठेवली होती.

माझ्याकडं नाल्याच्या दोन्ही बाजू होत्या. अलीकडं चुनाभट्टी. तिथली भट्टी कोणी पाहिलेली नाही, नाव तेवढं राहिलं. आमचे बौद्ध लोक, मुसलमान फळवाले आणि मिस्त्री, गवंडी, आणि केज-दिंद्रुडकडून कामाला येऊन राहिलेली घरं. नाल्यापलीकडं पूर्वी ज्वारी असायची. बायपास झाला, ज्वारीचे प्लॉट झाले, प्लॉटचं नगर झालं. नगराला कमान आली, कमानीला वॉचमन आला. मग काचेचे दवाखाने आले, लेकरांचे वेगळे, हाडांचे वेगळे, डोळ्यांचे वेगळे. चुनाभट्टीतल्या बायका त्या दवाखान्यांच्या फरश्या पुसायला जाऊ लागल्या. स्वतःचं लेकरू तापलं की मात्र तीच बाई लेकराला घेऊन दुसऱ्या दिशेला निघायची.

आमचं आरोग्य केंद्र आधी चुनाभट्टीच्या समाजमंदिरात होतं. ओसरीवर सतरंजी, लसीचा डबा, वाशाला टांगलेला वजनकाटा. बायका हाताला पीठ तसंच घेऊन यायच्या, लेकराला सुई देऊन तव्यावर भाकरी करपायच्या आत घरी. एक दिवस हुकूम आला, केंद्र नगरात हलवायचं, मोबाइलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर.

“लोकसंख्या तिकडं वाढतेय, सिस्टर,” आमचे डॉक्टर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, बदलीला भिणारा होता.

“ती जागा कोणाची आहे, सर?” मी विचारलं.

सरांनी पंख्याकडं पाहिलं. मी समजायचं ते समजले.

नगरातली माणसं त्या जिन्यानं कधी वर आली नाहीत, त्यांचे डॉक्टर ठरलेले. आणि चुनाभट्टीतली बाई कमानीवर अडायची. वॉचमन विचारायचा, “कोणत्या बंगल्यात कामाला?” “कामाला न्हाई, लेकराला सुई द्याया चालले.” तरी उभं करायचा, नाव विचारायचा, कधी येणार, कधी जाणार. दोनदा असं झालं की बाई तिसऱ्यांदा येत नाही.

संशय तिकडंही कमी नव्हता, फक्त त्याला इस्त्री केलेली असायची. एक निवृत्त साहेब लसीची बाटली उजेडात धरून बारीक अक्षर वाचायचे, माझ्या ओळखपत्राचा फोटो काढायचे आणि मग सांगायचे, “आमच्या नातवाचं सगळं प्रायव्हेटला झालंय.”

“मग बाटली कशाला बघितली, साहेब?”

“नागरिक म्हणून.”

भिंतीवर खडू लावू द्यायचे नाहीत. “कालच कलर दिलाय, मॅडम. त्या दगडावर काढा तुमचा पी.” मी गेटबाहेरच्या दगडावर पी काढला. पुढच्या फेरीला तो दगड शेजाऱ्यांच्या गाडीच्या चाकाखाली, पीसकट. म्हणजे गाडीला डोस मिळालेला होता.

आता मुख्य गोष्ट. नाल्याकाठून रस्ता जाणार आणि कडेची घरं निघणार, अशी कुणकुण चुनाभट्टीत होती. त्याच दिवसांत पोलिओच्या फेरीला आमच्याबरोबर एक माणूस दिला. निळा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र उलटं. “हे आपले स्वयंसेवक,” असं सांगण्यात आलं. मी डोस पाजायचे, आमची आशा सेविका छाया बोटाला शाई लावायची, आणि हा माणूस दारात उभा राहून विचारायचा, “खोल्या किती? लाइटचं मीटर कोणाच्या नावावर? किती वर्षं झाली इथं?”

शमीमखाला या चुनाभट्टीतल्या सगळ्यात मोठ्या गळ्याच्या बाई, टमटमवर फळं विकणाऱ्या रशीदभाईंच्या घरच्या. त्यांनी नातवाला डोस घेऊ दिला आणि मग त्या माणसाच्या खिशाकडं बोट केलं. “बाजी, ये कौन है? डोस पिलाने को टेप कायकू होना?”

खरंच त्याच्या खिशातून मोजायची टेप डोकावत होती. मी बाहेर येऊन त्याला विचारलं, “काय हो, तुम्ही लेकरं मोजताय का भिंती?”

“मॅडम, वरून सांगितलंय.”

“वरून म्हणजे कोणी?”

“वरूनच.”

केंद्रावर जाऊन मी सरांना विचारलं. ते म्हणाले, “समन्वय आहे, सिस्टर. दोन कामं एका फेरीत. सर्वेच तर आहे.”

हाच तो शब्द. आम्हीही दारात गेलो की सवयीनं ‘सर्वेला आलोय’ म्हणायचो. चुनाभट्टीत सर्वे म्हणजे मागच्या गल्लीची घरं पडायच्या आधी जे झालं होतं ते. तेव्हा सर्वेवाल्यांसाठी दारं उघडली नव्हती. नर्ससाठी उघडतात, म्हणून माझ्या पदराआडून माणूस पाठवला होता. मी सरांना सांगितलं, “तो येणार असेल तर मी जाणार नाही. काय लिहायचं ते माझ्या नावापुढं लिहा.” त्यांनी लिहिलं नाही काही. पण चुनाभट्टीनं मला त्याच्याबरोबर फिरताना पाहिलेलं होतं, ते कसं पुसणार?

मग गोवर निघाला. आधी गवंड्यांच्या ओळीत एक मूल, मग शेजारचं. मोहीम लागली, मी आणि छाया सकाळीच नाल्याकाठच्या ओळीत शिरलो आणि बघतो तर काय, दारादारावर पी. एक घर सोडलेलं नाही. छाया खूश. “सिस्टर, दुसरं पथक करून गेलं वाटतं. आपली ओळ झाली की!”

मीही क्षणभर खूश झाले. नंतर खुशीचाच संशय आला. दुसऱ्या पथकाला ही ओळ दिलेलीच नव्हती. मी जवळ जाऊन बघितलं. तारीख नाही, पथकाचा नंबर नाही. आणि प्रत्येक पीच्या डोक्यावर आडवी रेघ. आपण ‘प’वर देतो तशी, नीट, पट्टीनं मारल्यासारखी शिरोरेषा.

इंग्रजी लिहिणारा माणूस पीला शिरोरेषा देत नाही. ही मराठी शाळेत बसलेल्या हाताची खूण होती, आणि सगळ्या दारांवर हात एकच होता. छाया हसायलाच लागली. मला हसू आलं नाही, कारण समोरच्या दाराच्या आत एक लेकरू खोकत होतं. गोवरातलं खोकणं वेगळं, कोरडं, रडायलाही दम नसतो.

कडी वाजवली. कुजबूज झाली.

“कोन हाय?”

“सिस्टर. मंगल, दार उघड.”

“आमचं झालंय, सिस्टर. पी हाय बगा दारावर.”

मंगल नगरातल्या लेकरांच्या दवाखान्यात फरशी पुसायची. नवरा सेंट्रिंगच्या कामावर लातूरकडं गेलेला. घरात ती आणि तिची दोन वर्षांची परी.

“पी कोणी काढला?”

आत लेकरू पुन्हा खोकलं.

“मंगल, पीला शिरोरेषा नसते गं.”

दार बोटभर उघडलं. तिचा एक डोळा दिसला, आणि त्या डोळ्यात भीतीपेक्षा राग जास्त. “मी काढला. समद्यांच्या दारावर मीच काढला. चौथी शिकले मी. रेघ न्हाई दिली तर अक्षर कसं बोडकं दिसतं.”

“पण कावून काढला?”

“पीच्या घरी कोनी येत न्हाई म्हनून. पी म्हंजे पास. तुमी बी येत न्हाई, त्यो टेपवाला बी येत न्हाई.”

आमचीच पद्धत तिनं बघून बघून शिकलेली होती. आम्ही कुठं थांबतो आणि कुठून पुढं जातो हे चुनाभट्टीतल्या बायकांना तोंडपाठ होतं, आणि त्यांनी त्याचा उपयोग केला. घर वाचवायला केलेली खूण लेकराच्या आड आली.

“परीला बघू दे.”

“कोन हाय संगं?”

“छाया आहे फक्त.”

“त्यो न्हाई ना?”

“नाही.”

“मागच्या बारीला बी तुमी दोघीच वाटल्या, आन् मागून त्यो आलता.”

तेवढ्यात शेजारच्या उंबऱ्यावरून शमीमखाला ओरडल्या, “ए मंगल, गल्ली खाली है, मैं देख रही. खोल दरवाजा. बच्ची से बड़ा घर है क्या तेरा?”

दार उघडलं. गोवराच्या घरी कडुलिंबाचा डहाळा एरवी बाहेर चौकटीला बांधतात, इथं तो आत खुंटीला बांधलेला. बाहेर बांधला तर घरात लेकरू आजारी आहे हे दिसतं, आणि लेकरू आजारी म्हणजे बाई दवाखान्यात जाणार, म्हणजे घर मोकळं. इतका पुढचा विचार केलेला. परी गोधडीवर होती. अंगभर पुरळ, डोळे चिकटलेले, आणि श्वासागणिक बरगड्यांखालचा खळगा आत ओढला जात होता. हे दिसलं की आम्ही बोलण्यात वेळ घालवत नाही. गोवर फुप्फुसात उतरलेला असतो.

“हिला आत्ताच्या आत्ता अंबाजोगाईला न्यायचं. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात.”

“तुझ्या दवाखान्यात दाखवलं का?” छायानं मधेच विचारलं.

“दाखवलं असतं की. डिपॉझिट इचारलं. मी रोज पुसते ती फरशी, तिच्यावर उभं करून इचारलं.” मंगलनं परीला उचललं नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. “मी जाऊ कशी, सिस्टर? कुलूप लागलं की घर रिकामं म्हनून लिव्हत्यात. मागच्या गल्लीत कुलपावरच आदी लाल खुना केल्या. मालक दोन दिवसांनी आला तवर भिंती बी न्हवत्या. पोरगी वाचवून आनली आन् घर न्हाई, तर ठिवू कुठं तिला?”

मी बी.ए. बाई, आणि मला तिच्या बोलण्यात कुठं चूक काढता येईना. मी अँब्युलन्स बोलावते म्हणाले तर ती आणखी मागं सरली. “सरकारी गाडी नगं. गाडी आली की मानसं येत्यात बगायला, आन् त्यात त्यो बी येतो.”

शमीमखाला तोवर आत आल्या होत्या. त्यांनी परीच्या कपाळाला हात लावला, चटका बसल्यासारखा काढला, आणि डोक्यावरची ओढणी घट्ट करून मंगलच्या चुलीपुढं मांडी घातली.

“जा. मैं यहाँ बैठी. चूल्हा जलाती, भात पकाती. धुआँ दिखा तो घर भरा हुआ दिखता. कोन आता है देखती मैं.” मग बाहेर तोंड करून नवऱ्याला हाक, “अजी! टमटम खाली करो. केले उतारो!”

रशीदभाई केळी उतरवताना कुरकुरले, “पूरा माल धूप में काला पड़ेगा.” पण उतरवली. मंगल परीला छातीशी धरून टमटममध्ये बसली. मी शेजारी, छायाला पुढची घरं सोपवून.

गल्लीच्या तोंडाशी निळा टी-शर्ट मोटारसायकलवर आडवा आला. कोणी कळवलं, का रोजच फिरत होता, माहीत नाही. मला आजही वाटतं कोणीतरी कळवलं.

“मॅडम, ह्या बाईच्या घरचं झालं का? कोणी आहे का आत?”

“आहेत. आणि घरात गोवर आहे. तुम्हाला लहान लेकरू आहे का?”

“हाय की. एक वर्षाचं.”

“मग त्या घरातून सरळ तुमच्या घरी जाऊ नका. गोवर हवेतून लागतो.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यानं गाडी वळवली ती रुमाल नाकाला लावूनच. मंगल पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघून म्हणाली, “एवढं सोपं हाय व्हय?”

परीला मेडिकलला लगेच ऑक्सिजन लागला. बाळरोगाच्या वॉर्डात एका खाटेवर दोन-दोन लेकरं, पण कोणी डिपॉझिट विचारलं नाही आणि कोणी घर कुठं हेही खोदून विचारलं नाही. जीवनसत्त्वाचे थेंब दिले, सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत तो बरगड्यांखालचा खळगा उथळ झाला. पोरगी वाचली. हे मी अभिमानानं लिहिते, कारण पुढचं अभिमानानं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी चुनाभट्टीत गेले आणि कपाळावर हात मारला. नाल्याकाठच्या ओळीत दारादाराला लिंबाचे डहाळे. टेपवाला गोवराला भितो ही बातमी रात्रीत पसरली होती. काल प्रत्येक घर निरोगी, आज प्रत्येक घरात गोवर. आणि मला खरं आजारी लेकरू शोधायचं होतं.

“खाला, हे काय?”

“तुमनेच सिखाया, बाजी,” खाला म्हणाल्या, आणि तोंडाला ओढणी लावून हसल्या.

पण त्या दिवशी दारं उघडली. डहाळ्याच्या घरात मी एकटी गेले तर कोणी कुजबुजलं नाही. तसं घरोघर शिरून आम्हाला आणखी खरी आजारी लेकरं सापडली, वेळेत सापडली. ज्यांना झाला नव्हता त्यांना डोस दिले. मोहीम चांगली झाली असा शेरा सरांना मिळाला. सरांनी मला चहा पाजला.

काही महिन्यांनी नाल्याकाठची ओळ पाडली. कुलूपबंद आणि उघडी, दोन्ही. मी तेव्हा रजेवर होते. माझी रजा लगेच मंजूर झाली होती, एरवी कधी होत नाही. आमच्या फेऱ्यांत मोजलेलं त्यात वापरलं का, हे मी विचारलं तर उत्तर आलं, “आरोग्याचा काय संबंध?” मला पटलं नाही. पटलं नाही हे सांगायला जागाही नव्हती. शमीमखालांचं घर आतल्या बाजूला म्हणून राहिलं. मंगलचं गेलं.

आता ही माणसं गेली कुठं, तर बायपासच्या पलीकडं, पत्र्याच्या खोल्यांत. ती जागा नगरपालिकेच्या हद्दीत नाही म्हणून आमच्या केंद्राची नाही, आणि शेजारच्या खेड्याच्या उपकेंद्राची नर्स म्हणते ही माणसं गावातली, माझी नाहीत. नकाशावर दोघींच्या मधे जी फट आहे तिच्यात लेकरं वाढतात. मी दोनदा लेखी विचारलं. मग विचारणं सोडलं आणि सुटीच्या दिवशी स्कूटीवर डबा घेऊन स्वतःच जाऊ लागले. नियमात बसत होतं का? डबा नोंदवून नेत होते, बर्फ नीट भरत होते, बाकी मला विचारू नका.

परीचा राहिलेला एक डोस होता. खालांच्या हातून निरोप पाठवला. मंगलचा फोन आला, कोणाच्या तरी फोनवरून. “बायपासला पेट्रोल पंपापाशी या, सिस्टर. मी आनते तिला.”

“मी घरी येते की. उन्हाचं लेकराला कशाला आणतेस?”

“पंपापाशी या.”

गेले. परी चांगली गुटगुटीत झाली होती, मला बघून आईच्या पायामागं लपली. पंपाच्या सावलीत पायरीवर बसवून डोस दिला. रडली, थांबली. नंतर अर्धा तास थांबायचं असतं, लेकराला काही होत नाही ना बघायला, तो आमचा नियम. तेवढा वेळ आम्ही दोघी पायरीवर बसलो. ती आता एका हॉटेलात भांडी घासते. नवरा परत आलाय. परी भात खात नाही, फक्त भाकरी खाते. सगळं बोलली.

“राहता कुठं आता?” मी विचारलं.

“हितंच.”

“इथं म्हणजे कुठं?”

तिनं हात फिरवला. त्यात प्लॉटचे दगड आले, डांबराचा प्लँट आला, कापसाची रानं आली, पार पलीकडची टेकडी आली. “हितंच की, सिस्टर.”

“मंगल, मी कोणाला काही सांगितलं नव्हतं गं.”

“मी कुठं म्हनलं तुमी सांगितलं?” तिनं परीच्या दंडावरचा कापूस काढून फेकला. “पोरगी तुमच्यामुळं हाय. मी ईसरले न्हाई.”

अर्धा तास झाला. मी डबा बांधला, ती उठली, पण निघेना.

“चल, सोडते तुला स्कूटीवर.”

“नगं. तुमी निगा.”

“अगं, उन्हाचं चालत कशाला...”

“तुमी निगा आदी,” ती म्हणाली. रागानं नाही, अगदी मायेनं.

मी स्कूटी चालू केली. आरशात ती दिसत होती, परीला कडेवर घेऊन पंपापाशी उभी. मी वळणाला लागेपर्यंत तिनं पाऊल उचललं नाही.